धारक

नाशिकरोडच्या छापखान्यात
पप्पांनी छत्तीस वर्षं कोरा कागद आत घेतला
आणि वचनं बाहेर पाठवली.
फाटलेलं शीटसुद्धा मोजून परत द्यायचं.
फाटकावर झडती: डबा, चपला,
एकदा तर पोळीची घडी उलगडून दाखवली त्यांनी,
आत फक्त मेथी होती.

घरी आले की दाराच्या चौकटीवरल्या मेझुझाला बोटं लावून
ती ओठांना टेकवायचे.
चाळीतल्या कुणीसं मला विचारलं होतं,
तुमच्या देवाला शाईचा वास येत नाही का?

शुक्रवारी दुपारीच आई काळ्या मनुका भिजत घाली.
पिंपळगावच्या शेवटच्या तोडणीची द्राक्षं,
गच्चीवर आम्हीच वाळवलेली, मुंग्यांशी भांडून.
संध्याकाळी त्याच पाण्यावर किद्दुश.
मग उद्या मावळेपर्यंत पैशाला हात नाही.
दिवसभर लाखांनी हाताळलेल्या माणसाचा हात
मांडीवर उताणा पडलेला असे,
झोपलेल्या मुलासारखा.

नोटा मोजायच्या, माणसं मोजायची नाहीत,
हा घरातला कायदा.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमलेत का बघायला
दहा शब्दांची एक ओळ आहे,
एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं.
देवळालीचे मोशेकाका किहिमकर, त्यांचे दोन मुलगे,
जेलरोडचे आम्ही, कॉलेज रोडचे दातांचे डॉक्टर...
नाशकात ओळ आठव्या शब्दावर संपायची.
उरलेल्या दोन शब्दांचा अर्थ आहे सर्वकाळपर्यंत.
ते कुणाच्याच वाट्याला आले नाहीत.
'त्याला माहीत आहे आपण किती ते,' पप्पा म्हणत
आणि आपापली पुस्तकं उघडायला सांगत.

त्या नोव्हेंबरात रात्री आठनंतर
आईनं तांदळाच्या डब्यातून काढलेल्या नोटा
चादरीवर पसरल्या.
एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याचे, अबिगेलच्या लग्नाचे.
पप्पांनी एक उजेडात धरली, कडा तपासल्या,
म्हणाले, छपाई चांगली आहे.
आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी प्रेसमधून फोन. जुने हात हवे होते,
शनिवारीसुद्धा.
'तीन तारे दिसले की येतो.'
'वाक्रूळकर, देश रांगेत उभा आहे
आणि तुम्ही तारे कसले बघताय?'
पप्पा गॅलरीत बसून राहिले, स्वेटर घालून.
दोन लगेच दिसले. तिसऱ्यानं फार वेळ लावला.
मग सायकल काढली, आणि सकाळपर्यंत मशीनवर होते.

मी चिडले होते. एक शनिवार, पप्पा. एकच.
त्यांनी रानातल्या अन्नाची गोष्ट काढली, लहानपणचीच:
रोज पहाटे पडायचं, रोजच्यापुरतं वेचायचं,
उद्यासाठी लपवलं त्यात अळ्या पडल्या.
शुक्रवारी मात्र दुप्पट पडायचं आणि तेच टिकायचं.
'तोच डबा, तेच अन्न,' ते म्हणाले,
'पहिल्या शुक्रवारी झाकण लावताना
त्या बाईला काय वाटलं असेल, सांग.'
मला सांगता आलं नाही.
अजून येत नाही. मी बँकेत आहे,
मला तारण लागतं.

पप्पा गेले तेही शुक्रवारी, सकाळी.
ऊन कलायच्या आत माती द्यायची.
ठाण्याहून निघालेले दोघे कसाऱ्याच्या घाटात अडकले,
ट्रक उलटला होता, फोन लागेना.
मोशेकाकांनी अंगणात उभं राहून
हलक्या आवाजात ती ओळ सुरू केली,
एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत एकेक शब्द.
गल्लीतले शिंदे, खैरनार, सय्यदमास्तर
टोप्या, रुमाल डोक्यावर घेऊन भिंतीशी उभे होते,
त्यांच्यापाशी काकांचा डोळा जरा थांबला,
आणि मागे फिरला.

आठव्या शब्दाचा अर्थ पप्पांनीच सांगितला होता मला,
सायकलच्या दांड्यावर बसवून, बिटको चौकातून येताना:
त्यांना उचलून घे.

काका तिथं थांबले. घड्याळ बघितलं.
आणि आम्ही उचललं.